टाळ्या लोकांनी वाजवल्या, हिशेब तुमच्याकडे आहे

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
आणि दोन्ही विभागांचे मा. सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

येत्या 12 मेला, जागतिक परिचारिका दिनी, आमच्या जिल्ह्यात 'कोविड योद्ध्यां'चा सत्कार ठरला आहे. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि दोन मिनिटांचं मनोगत. निमंत्रणाचा फोन करणारा मुलगा सभ्य होता. बोलणं संपवताना जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, मनोगतात तेवढं भरती, पगार वगैरे नको. कार्यक्रम आनंदाचा आहे." त्याला बोल लावत नाही, त्याला तसं सांगायला सांगितलेलं असणार. मी सत्काराला जाणार नाही. जे दोन मिनिटांत मावणार नाही आणि आनंदाच्या कार्यक्रमात शोभणार नाही, ते इथे लिहिते आहे.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत वॉर्डाची इनचार्ज होते. नोकरीत असलेल्या सिस्टरना वर्तणूक नियमांमुळे असं उघड लिहिता येत नाही, मला येतं. तरीही नाव आणि गाव घातलेलं नाही, कारण नावावरून वॉर्ड ओळखता येईल, आणि वॉर्डावरून आज तिथे ड्युटी करणाऱ्या मुली.

आधी कौतुकाबद्दल बोलते, म्हणजे गैरसमज राहायला नको. 22 मार्च 2020 ला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाच वाजता, बाहेर थाळ्या वाजल्या तेव्हा आम्ही वॉर्डात होतो. 5 एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे लागले. 3 मेला सैन्यदलांनी ठिकठिकाणच्या रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. (आमच्यावर पडली नाहीत. आमच्याकडे हेलिकॉप्टर येतं ते मंत्र्यांना घेऊन.) पुण्याच्या नायडू रुग्णालयातल्या एका सिस्टरना खुद्द पंतप्रधानांचा फोन आला, बोलण्याची सुरुवात मराठीत झाली आणि ते संभाषण पुढे घरोघरी ऐकलं गेलं. योगायोग असा की 2020 हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं, नाइटिंगेलबाईंच्या जन्माला 200 वर्षं झाली म्हणून.

यातलं काहीच मी खोटं मानत नाही. लोक घाबरलेले होते आणि त्यांना मनापासून काहीतरी करायचं होतं. माझ्या वॉर्डातून बरे होऊन गेलेले एक गुरुजी अजूनही दिवाळीत फराळ पाठवतात. रुग्णालयासमोरच्या भाजीवाल्या काकांनी कितीतरी दिवस आमच्या एकाही सिस्टरकडून कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत. त्याच गावात घरमालकांनी मुलींना खोल्या सोडायला लावल्या, नळावर पाणी भरू दिलं नाही, तेही खरं. भीती ओसरली तशी माणसं वळणावर आली. त्याचा राग मी केव्हाच सोडला.

माझं भांडण शासनाशी आहे. टाळ्या लोकांनी वाजवल्या होत्या. त्या शासनाच्या नावावर केव्हा जमा झाल्या? लोकांनी ऋण मानलं, आणि तुम्ही देणं फिटलं असं धरून चाललात.

पहिली तक्रार माणसांच्या संख्येची. बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटातल्या आहेत.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष जुना आणि सरळ आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एका खाटेला एक, आणि रजांसाठी वर 30 टक्के राखीव. आमच्याकडे साध्या मेडिकल वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि तीस-चाळीस रुग्ण हे कोविडच्या आधीही नवल नव्हतं. मग साथ आली. 18 एप्रिल 2021 ला राज्यात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण सापडले. त्या दिवसांतली एक रात्र कशी असायची ते सांगते, कारण तुमच्याकडे रोज संध्याकाळी खाटांचे आकडे पोचत होते. पुढच्या रात्रीचं कुणी विचारत नव्हतं.

चाळीस खाटा, सगळ्या ऑक्सिजनवर. सिस्टर दोन. एक कायम, दुसरी कंत्राटी, आयुष्यातली पहिली नोकरी. मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एक. मावशी, म्हणजे आया, अर्धी, कारण शेजारचा वॉर्डही तिच्याकडेच. रात्री एक-दोनच्या सुमाराला ऑक्सिजनच्या लाइनचा दाब उतरायचा. मग प्रत्येक फ्लोमीटरची (ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी बघत वॉर्डभर फिरायचं, ज्याचं थोड्यात भागेल त्याचा किंचित कमी करायचा, ज्याचं भागणार नाही त्याला सिलिंडर लावायचा. मामा दुसरीकडे अडकला असेल तर सिलिंडर सिस्टरने ढकलायचा. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवर कुणीतरी मास्क ओरबाडून काढलेला असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की माणूस भ्रमतो. त्याला वाटतं, या मास्कनेच आपण गुदमरतोय. अशा माणसाजवळ उभं राहून, त्याच्याशी बोलत, मास्क हाताने धरून ठेवावा लागतो. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, एक मोकळा हात लागतो. आमच्याकडे औषध होतं, पुढे पुढे यंत्रंही आली. मोकळा हात नव्हता.

नातेवाइकांना आत मज्जाव होता, म्हणून त्यांचीही कामं आमच्याकडे आली. पाणी पाजणं, डब्याचं झाकण उघडून देणं, बेडपॅन, "काका, आता पोटावर झोपा" म्हणत एकेकाला वळवणं. आणि धिप्पाड माणूस एकटीने वळत नाही. फोन चार्जिंगला लावायचा, घरच्यांचा व्हिडिओ कॉल लावून समोर धरायचा. पहाटे कुणी गेलं तर अंगावरचं उतरवून दोघींच्या सहीने नोंद करायची: मंगळसूत्र, जोडवी, मोबाइल, दातांची कवळीसुद्धा. मग बॅगेत बांधायचं. सकाळी सहा वाजता वॉर्डाचा फोन वाजायचा आणि पलीकडून विचारलं जायचं, "आमच्या पेशंटनं चहा घेतला का?" घरच्यांना बातमी द्यायचं काम नियमाने डॉक्टरांचं. पण फोन वाजतो वॉर्डात, आणि त्याच्याजवळ सिस्टर असते.

हे सगळं पीपीई किट घालून, मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये, एसी नाही. चष्म्यावर धुकं धरायचं, शीर बोटाने चाचपून शोधायची. किट चढवलं की उतरवेपर्यंत पाणी नाही आणि बाथरूमही नाही. मुली डायपर बांधून उभ्या राहायच्या. पाळी आली असेल तर काय करायचं, याबद्दल एक ओळ माझ्या हाती आलेल्या एकाही परिपत्रकात नव्हती.

कृपा करून यात त्याग शोधू नका. त्या रात्री दोनच्या जागी आठ सिस्टर असत्या तर किती जण वाचले असते हे कुणीच सांगू शकणार नाही. काही वाचले असते, एवढं मला माहीत आहे. रिक्त पद म्हणजे नेमकं काय, ते मी असं पाहिलं आहे.

मे 2020 मध्ये राज्याने केरळकडे 50 डॉक्टर आणि 100 परिचारिका मागितल्या. मागितल्या त्यात कमीपणा नाही, आणि मुंबई-पुण्याची खासगी रुग्णालयं केरळच्या मुलींच्या हातांवर किती वर्षांपासून चालली आहेत हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण ज्या राज्यातून दरवर्षी हजारो मुली आणि मुलगे जीएनएम (नर्सिंगची पदविका), बीएस्सी नर्सिंग करून बाहेर पडतात, त्याला परिचारिका बाहेरून मागवाव्या लागतात हे जरा मांडून बघा. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये याच राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुली जाऊ देत, त्यांना चांगला पगार मिळू दे, मी आनंदाने आशीर्वाद देईन. फक्त, इथल्या वॉर्डात त्या मावत नाहीत असं कुणी म्हणू नये.

दुसरी तक्रार गेलेल्यांची.

सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत प्रश्न आला की कोविडने किती आरोग्य कर्मचारी दगावले. केंद्राने सांगितलं, आरोग्य हा राज्याचा विषय आहे, अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. त्याच सुमाराला इंडियन मेडिकल असोसिएशनने 382 डॉक्टरांची यादी जाहीर केली. डॉक्टरांची संघटना तगडी, म्हणून ती नावं निदान लोकांसमोर आली. आरोग्य राज्याचा विषय असेल, तर परिचारिकांची यादी राज्याकडे असायला हवी. जिल्हावार, नावानिशी, पदानिशी अशी यादी महाराष्ट्र शासनाने छापलेली मी आजवर पाहिलेली नाही. आमची एक सहकारी गेली. तिचा फोटो मेट्रनबाईंच्या ऑफिसात आहे, तोही आम्ही वर्गणी काढून लावलेला.

विम्याचं ऐका. मार्च 2020 अखेरीला प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचं संरक्षण आलं. योजना चांगली होती, कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या माणसांनाही ती लागू होती. अट अशी की कोविड रुग्णाशी थेट संपर्क आणि त्याची सेवा हवी. आता, जी सिस्टर बाळंतपणाच्या वॉर्डात होती, जिथे बाई पॉझिटिव्ह आहे हे बऱ्याचदा मूल झाल्यावर कळायचं, तिच्या घरच्यांनी हा थेट संपर्क कुठल्या कागदावर दाखवायचा? खासगी रुग्णालयातली असेल तर शासनाने तिला कामासाठी मागून घेतलेलं असायला हवं. माझ्या ओळखीतल्या एका सिस्टरचे यजमान ड्युटी लिस्टच्या झेरॉक्स घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. शेवटी फाइल परत आली, शेरा होता, "कोविड वॉर्डातील नेमणुकीचा आदेश जोडावा." तो आदेश तोंडी होता. त्या दिवसांत सगळेच आदेश तोंडी होते, फार तर व्हॉट्सॲपवर. आदेश देणारा साहेब ओळखत होता तिला. शेरा लिहिणारा ओळखत नव्हता.

तिसरी, कंत्राटाची. जंबो सेंटरं उभी राहिली, कोविड केअर सेंटरं उघडली, आणि ठेकेदारांमार्फत तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर मुली भरल्या गेल्या. लाट उतरली की ऑर्डर संपली. दुसरी लाट आली की त्याच मुलींना फोन. माझ्या वॉर्डात अशाच ऑर्डरवर आलेली एक मुलगी पहिल्या आठवड्यात व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की रडायची. सहा महिन्यांत ती नुसत्या आवाजावरून सांगायची, नळी निघालीय की पाणी साठलंय. आज ती तालुक्याला साड्यांच्या दुकानात आहे. तिच्यावर शासनाचा एक पैसा खर्च झाला नव्हता, साथीने तिला फुकट तयार करून दिलं होतं. तेवढंही तुम्हाला सांभाळता आलं नाही.

फुलं पडल्यावर दोन वर्षांनी, मे 2022 मध्ये, बाह्य स्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातल्या सरकारी परिचारिकांना संपावर जावं लागलं. सप्टेंबर 2023 मध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. जुलै 2025 मध्ये पुन्हा आझाद मैदान, पुन्हा संप, पुन्हा तेच: कायम भरती करा, वेतनातली तफावत काढा. एनएचएममध्ये, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कंत्राटावर दहा वर्षं काढलेल्यांना सामावून घ्यायचा निर्णय मार्च 2024 मध्ये झाला, आणि तो अमलात यावा म्हणून त्यांना ऑगस्ट 2025 मध्ये रस्त्यावर यावं लागलं. संपामुळे रुग्णांचे हाल झाले असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, ते बरोबरच आहे. एरवी एका सिस्टरच्या भरवशावर चाळीस रुग्ण रात्र काढतात त्याची बातमी होत नाही.

भत्त्याचंही सांगून टाकते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या परिचारिकेचा नर्सिंग भत्ता महिना 7,200 रुपये ठरला. नागपुरात केंद्राचं एम्सही आहे आणि राज्याचं शासकीय मेडिकलही आहे. दोन्हीकडे विषाणू एकच होता.

चौथी तक्रार लिहिताना हात थोडा जड होतो.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. 6 नोव्हेंबर 2021 ला तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोण किती दोषी हे ठरवायला न्यायालय आहे, मी त्यात पडत नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांचा संताप मला समजतो. पण वॉर्डात आयुष्य काढलेली बाई म्हणून एवढं विचारते: भिंतीतली वायर सिस्टर टाकते का? एका खोलीत किती व्हेंटिलेटर लावले तर विजेचा भार झेपेल हे सिस्टर ठरवते का? फायर ऑडिटमधल्या त्रुटींची फाइल कुठल्या टेबलावर थांबली, हे तिला कुणी सांगतं का?

आग लागली की चौकशीचा पहिला प्रश्न असतो, ड्युटीवर कोण होतं. सिस्टरचं नाव ड्युटी लिस्टवर असतं, वेळेसकट. ज्याने दुरुस्तीचा खर्च लांबवला त्याचं नाव अशा कुठल्याही लिस्टवर नसतं. त्या नोव्हेंबरनंतर आमच्याकडे मुली अतिदक्षता विभागाची ड्युटी नको म्हणू लागल्या. मी त्यांना काय समजावणार होते?

पाचवी तक्रार लहान वाटेल. कपडे बदलायला जागा नसते.

27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. पुढची 42 वर्षं, 18 मे 2015 पर्यंत, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या आणि तिथल्या सिस्टरच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. दयामरणाच्या खटल्यामुळे देशाला ते नाव माहीत आहे. आम्हाला मात्र अजूनही आधी ते तळघर आठवतं. एवढं होऊनही, कोविडमध्ये घामाने निथळलेलं किट उतरवायला आमच्या वाट्याला जिन्याखालची जागा आली, दाराऐवजी चादर टांगलेली.

संरक्षणाचे कायदे आहेत. राज्याचा 2010 चा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने वटहुकूम काढून 1897 च्या साथरोग कायद्यात बदल केला आणि आरोग्य कर्मचाऱ्यावर गंभीर हल्ला केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, साथ असेपर्यंत. सिस्टरच्या कानाखाली वाजते तेव्हा मात्र वरून सांगितलं जातं, प्रकरण वाढवू नका.

आणि तो 1897 चा कायदा मुळात प्लेगसाठी झाला. त्याच साथीत, हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता, 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं होतं. सत्काराच्या बॅनरवर त्यांचा फोटो तुम्ही छापता, ते योग्यच आहे. पण सव्वाशे वर्षांनी 2021 मध्ये, ट्रॉली आणि ती ढकलायला माणूस नाही म्हणून, सिस्टर आणि मामा रुग्णाला चादरीत धरून जिन्याने वर नेत होते.

खासगी रुग्णालयांतल्या मुलींबद्दल मी थोडंच लिहिते, कारण त्यांनी स्वतः बोललं पाहिजे आणि त्यांना बोलू दिलं पाहिजे. एप्रिल 2020 मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात 26 परिचारिकांना लागण झाली आणि ते रुग्णालय सील करावं लागलं. पगाराचा प्रश्न त्याही आधीचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये सांगितल्यावरून केंद्राने समिती नेमली. तिने सुचवलं की 200 हून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, 100 ते 200 खाटा असतील तर जास्तीत जास्त 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर 25 टक्के कमी, आणि कितीही लहान दवाखाना असला तरी 20,000 च्या खाली नको. केरळने 2018 मध्ये अधिसूचना काढून 20,000 चा तळ बांधून दिला. आपल्या तालुक्याच्या नर्सिंग होममधल्या मुलीला महिन्याच्या शेवटी हातात काय पडतं, ते एकदा स्वतः जाऊन विचारा. मालक समोर नसताना.

आता मागण्या.

कोविडमध्ये गेलेल्या परिचारिकांची यादी जाहीर करा. कायम, कंत्राटी, खासगी, सगळ्या. विम्याचे जे दावे कागदाअभावी परत गेले ते राज्याने पुन्हा तपासून केंद्राकडे पाठपुरावा करावा, आणि तोंडी आदेशाच्या जागी हजेरीपट व ड्युटी लिस्ट हा पुरावा मानावा. मूळ योजनेत जे बसणार नाहीत त्यांच्यासाठी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून तरतूद करावी.

प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा लावा. त्यावर रोज तिन्ही पाळ्यांना तीन आकडे: खाटा किती, रुग्ण किती, सिस्टर किती. याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही, खडू लागतो. रुग्णाच्या नातेवाइकाला कळू द्या की सिस्टर यायला उशीर का झाला. निम्मी भांडणं तिथेच मिटतील, आणि उरलेली योग्य पत्त्यावर जातील.

परिषदेच्या निकषाप्रमाणे पदं मंजूर करा आणि ती कायमस्वरूपी भरा. साथीत ज्यांनी कंत्राटावर काम केलं त्यांना भरतीत त्या अनुभवाचे गुण द्या. बाह्य स्रोताचा मार्ग परिचारिकांसाठी लेखी बंद करा, कारण तोंडी आश्वासनांचं पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

नर्सिंग भत्ता केंद्राइतका द्या. खासगी रुग्णालयांसाठी किमान वेतनाची अधिसूचना काढा.

प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या बाहेर शेवटच्या फायर ऑडिटची आणि वीज तपासणीची तारीख लावा, आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचं नाव. आमचं असतं, तसंच.

आणि प्रत्येक इमारतीत परिचारिकांना कपडे बदलायला आतून कडी लागणारी, दिवा असणारी एक खोली द्या. यासाठी तर निधीची सबबही सांगू नका. सन्मानचिन्हांचा खर्च एक वर्ष इकडे वळवला तरी सुरुवात होईल.

शासनाबरोबरच हे जे कुणी वाचत असतील त्यांना एक विनंती. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली कायम किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की त्याची एक प्रत आपल्या आमदारांना द्या आणि एक रुग्णालयाच्या गेटवर लावा. पुढच्या अधिवेशनात यावर प्रश्न विचारा असं त्यांना सांगा. त्यांनाही गावात परतायचं असतं.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
मराठवाडा